काट्याची साक्ष

युसूफ ड्रायव्हरनं गाडी बेफाम हाकली, असं धुळ्यात कुणी बोललं असतं तर ऐकणारा आधी पोट धरून हसला असता. त्याच्या मोगलाई मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, युसूफच्या लॉरीत दह्याचं मडकं ठेवून द्या, जळगावला उतरवाल तेव्हा वरची सायसुद्धा मोडलेली नसेल. अकरा वर्षं तो लॉरी चालवत होता आणि या अकरा वर्षांत त्याच्या चाकाखाली एक कोंबडीही आली नव्हती. त्याच्या मागून निघालेल्या लॉऱ्या त्याला ओलांडून धूळ उडवत पुढे जायच्या. हा पठ्ठ्या आपला शांतपणे त्यांची धूळ खात मागून यायचा, आणि त्यांच्यातली एखादी पारोळ्याच्या अलीकडे टायर फोडून बसली की तिला ओलांडताना भोंगासुद्धा वाजवायचा नाही. असा माणूस.

आणि अशा माणसावर आळ आला. तोही झुलाल जमादाराकडून, ज्याच्या तोंडून कुणी कधी खोटा शब्द ऐकला नव्हता. खरी पंचाईत तीच होती. लबाड माणसानं आळ आणला तर चार लोक आपल्या बाजूला उभे राहतात. प्रामाणिक माणसानं आणला तर आपली बायकोसुद्धा एकदा विचारते, खरंच काय झालं होतं?

झालं ते असं. सन एकोणचाळीसचा पौष. थंडी इतकी की स्टिअरिंग हाताला चावत होतं. युसूफ शिरपूरहून कापसाच्या गाठी भरून भल्या सकाळी धुळ्याकडे निघाला. नरडाण्याला झुलाल जमादारानं हात केला. पोलिसातल्या माणसानं लॉरीत पुढच्या बाकावर बसायचं, हा रिवाजच होता. पण झुलाल नवा जमादार झालेला, आजवर सायकलवर आणि पायी हिंडलेला. लॉरीत पुढे बसायची त्याची ही पहिलीच वेळ. कानाला मफलर गुंडाळून तो बसला आणि समोरच्या गोल तबकडीकडे टक लावून बघायला लागला.

"हाऊ काटा काय सांगस रे भो?"

युसूफला यंत्राची गोष्ट सांगायला भारी आवडायचं! त्यानं मोठ्या हौसेनं समजावलं. चाकं फिरली की गिअरबॉक्समधून एक पीळदार तार फिरते, ती तार नळीतून वर मीटरात येते, तिच्या जोरावर काटा हलतो. काटा वीसवर म्हणजे तासाला वीस मैल. झुलालनं मान डोलावली आणि काटा वाचायला शिकला. आपल्याच गळ्याचा फास आपण जमादाराला वळून देतो आहोत, हे युसूफच्या ध्यानीमनी नव्हतं.

सोनगीरच्या अलीकडे समोरून उखर्डू नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी आली. बैल नवे जुंपलेले. युसूफनं भोंगा दिला, बैल बुजले, गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात घुसली आणि बांधावर तिचं एक चाक मोडलं. उखर्डूला खरचटलंही नाही, बैल चार पावलांवर जाऊन तूर खायला लागले. पण युसूफनं ब्रेक मारून लॉरी उभी केली तेव्हा जमादाराची नजर तबकडीवरच होती.

"पंचेचाळीस!" झुलाल म्हणाला. "युसूफ, माल भरेल गाडीले वीस मैलना हुकूम शे. तू पंचेचाळीसनी चालना व्हता!"

"नही हो जमादारसाहेब. अठरा-वीसनीच व्हती गाडी."

"मंग काटा खोटा बोलस का? इलायतना काटा खोटा आन तू खरा?"

युसूफनं तबकडीकडे पाहिलं तर काटा खरंच वर होता आणि सावकाश खाली येत होता. सवयीनं त्यानं त्या काट्याकडे कित्येक महिन्यांत नीट बघितलंच नव्हतं. झुलालनं पंचनामा लिहिला. मग मीटरात कुणी काही करू नये म्हणून सोनगीरच्या चौकीतून सुतळी आणि लाख आणली, मीटर पुढून-मागून बांधलं आणि त्यावर सरकारी शिक्का मारला. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता लॉरी आणि लायसन घेऊन धुळ्याला मोटार इन्स्पेक्टर साहेबांपुढे हजर व्हायचं होतं. गुन्हा शाबीत झाला की लायसन रद्द.

लायसन रद्द म्हणजे युसूफचं सगळंच रद्द. मोगलाईत लायसन मिळवणारा तो पहिला. त्याचे वडील विणकर, भाऊ विणकर. हा एकटा मागावर बसायला नको म्हणून घरातून भांडून निघाला होता आणि लॉरीवर बसूनच परतला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी बायकोनं, कनीजनं, ताट वाढलं तरी तो भाकरी मोडून नुसताच बसून राहिला. तिनं विचारलं, "खरंच जोरात होती का गाडी?" तो म्हणाला, "नव्हती." पण म्हणताना आवाज जरा खाली गेला, आणि तो दोघांनीही ऐकला.

लॉरीचे मालक भाईदास आबा. कापडण्याचे. तीस वर्षं बैलगाड्यांनी कापूस वाहिला आणि साठीला टेकल्यावर लॉरी घेतली. लॉरीबरोबर त्यांनी एक खिशातलं घड्याळही घेतलं होतं. त्यातली वेळ त्यांना वाचता येत नसे, पण किल्ली मात्र रोज न चुकता द्यायचे. आळाची बातमी ऐकून आबा असे भडकले की झुलालच्या सात पिढ्यांचा त्यांनी एका दमात उद्धार केला.

"मन्हा युसूफ बैलास्ले हात लावताना इचारस, तो बेफाम चालाडी? त्या काट्यामाच काहीतरी बिघाड शे!"

"ते साबीत कराले पडी, आबा," युसूफ म्हणाला. "शिक्का शे. मीटर उघाडता येत नही."

डॉक्टरला रोगी तपासायचा, पण हात लावायचा नाही, असाच हा प्रकार झाला. तरी युसूफनं ठरवलं, की बाहेरून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं. आबांचं घड्याळ त्यानं मागून घेतलं. जळगावला गाठी पोचवायच्या होत्याच. वाटेत मैलाचे दगड होते. पाच दगडांना पंधरा मिनिटं लागली तर वेग वीस, इतका साधा हिशेब. काटा काय दाखवतो आणि दगड काय म्हणतात, ते ताडून बघायचं.

बुधवारी दुपारी तो धुळ्याहून निघाला. अजंगच्या पुढे रस्ता सरळ लागल्यावर त्यानं गाडी एका चालीत धरली. पहिला दगड गेला तेव्हा घड्याळ पाहिलं. त्यानंतरचा पाचवा दगड आला तेव्हा पाहिलं. पंधरा मिनिटांना थोडी कमी. म्हणजे वीस-एकवीस मैल.

काटा एकवीसवर होता.

युसूफनं पुन्हा पाच दगड मोजले, मग आणखी पाच. पारोळं गेलं, एरंडोल गेलं. काटा आणि दगड यांच्यात एका मैलाचाही फरक पडेना. मीटर चोख होतं!

लॉरी पाळधीजवळ एका लिंबाखाली उभी करून तो खाली बसला. लायसनची भीती वेगळी, ती कळण्यासारखी असते. ही वेगळी होती. काटा खरा असेल तर त्या सकाळी आपण खरंच पंचेचाळीसनं चाललो होतो. म्हणजे आपल्यालाच कळलं नाही. ज्या कानांवर, ज्या हातांवर अकरा वर्षं विसंबलो, ते कधीपासून दगा देत होते कोण जाणे. आजवर कुणी मेलं नाही ते आपल्या हुशारीनं नव्हे, तर नशिबानं. त्या लिंबाखाली युसूफला पहिल्यांदाच वाटलं, की साहेबानं लायसन काढून घेतलं तर बरंच करेल.

जळगावला गाठी उतरवल्या. रात्री जिनिंगच्या आवारात तो लॉरीतच झोपला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच सरकीची पोती भरून परत निघाला. थंडीनं इंजिन चार हँडल मारल्याशिवाय जागं होईना. पाळधी सोडल्यावर त्याची नजर सहज तबकडीवर गेली.

काटा चाळीसच्या पुढे!

युसूफनं घाबरून पाय उचलला. लॉरी अगदी रांगायला लागली, तरी काटा खाली यायला तयार नाही. आला तो सुस्तपणे, जेवून उठलेल्या माणसासारखा. घड्याळ हातात घेऊन त्यानं गाडी पुन्हा नेहमीच्या चालीला लावली. पाच दगड, सोळा मिनिटं. म्हणजे वीसलाही कमी, आणि काटा त्रेचाळीसवर! युसूफ एकटाच मोठ्यानं ओरडला. रस्त्याकडेच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. त्यानं त्यांनाही हात हलवून दाखवला.

गंमत पुढेच होती. एरंडोलला काटा तिसावर आला. ऊन चढलं, पारोळ्याला पंचविसावर. अकराच्या सुमारास अजंगला तो पुन्हा शहाण्यासारखा एकवीसवर येऊन बसला. गाडी तीच, चाल तीच.

आता युसूफ हसायचा थांबून विचारात पडला. चक्राचा दात झिजला असता, तार तुटत आली असती, तर तो दोष सकाळ-दुपार पाहून वागला नसता. लोखंडाला वेळ कळत नाही. मीटरात असं काहीतरी होतं, की जे थंडीत घट्ट होतं आणि उन्हात सैल. आणि सोनगीरला गाडी उभी राहिल्यावरही काटा सावकाश उतरत होता, तेही त्याला आता आठवलं. कशात तरी रुतल्यासारखा. त्यानं खाली वाकून मीटरच्या खालची फळी बघितली. तिथे रुपयाएवढा काळपट, चिकट डाग पडला होता. बोट लावून त्यानं नाकाशी नेलं.

एरंडेल! खानदेशातल्या कुठल्याही माणसाला हा वास विसरता येत नाही. लहानपणी आईनं नाक दाबून घशात ओतलेलं असतं ते.

एरंडेल मीटरात कुठून आलं, हे कोडं युसूफला फार वेळ पडलं नाही. धुळ्याला न थांबता त्यानं लॉरी सरळ कापडण्याला भाईदास आबांच्या दारात नेली. आबा ओट्यावर बसले होते.

"आबा, मीटरनी तारमा तेल टाकं का कोनी?"

आबांचा चेहरा उजळला. "मीच टाकं! संक्रांतले. ती तार कुरकुर करी राह्यनी व्हती, तुले आयकू नही ये का? नट खोला, आन नळीभर एरंडेल ओती दिन्हं. आते कशी मुकाट चालस!"

तर हे असं. बैलगाडीचा आस कुरकुरला तर गाडीवानाची अब्रू जाते. मैलभर आधीच लोक म्हणतात, बघा, कुण्या आळशाची गाडी येते आहे. म्हणून गाडीखाली वंगणाची नळी कायम टांगलेली, आत काजळी घोटलेलं एरंडेल. तीस वर्षं आबांनी एका चाकाला कधी कुरकुरू दिलं नव्हतं. कुरकुर ऐकली की हात नळीकडे जायचा. लॉरीच्या तारेची कुरकुर त्यांच्या कानांना सहन झाली नाही आणि तिथेही त्यांनी मायेनं नळी रिकामी केली. पीळदार तार, रोज फिरणारी. विहिरीवरच्या मोटेसारखं तिनं ते तेल चढवत चढवत मीटरच्या पोटात नेलं. मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती एक वाटी असते. दोघांमध्ये नुसती हवा हवी. तिथे एरंडेल साचलं. थंडीत ते गुळाच्या पाकासारखं व्हायचं आणि चुंबकाबरोबर वाटीलाही ओढत न्यायचं, आणि वाटीला जोडलेला काटा भलतीकडे चढायचा.

युसूफनं हे समजावलं तसा आबांचा उजळलेला चेहरा हळूहळू विझत गेला.

"म्हंजे मन्हामुये?"

"तुम्हनामुये नही, आबा. तेलमुये."

आबा उठले आणि घरात निघून गेले. गावचे पंच होते ते. बिघडलेल्या गाडीचा सल्ला घ्यायला दहा गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. युसूफनं मनाशी ठरवून टाकलं, की साहेबापुढे तेलाची गोष्ट सांगायची, पण आबांचं नाव घ्यायचं नाही.

सोमवारी अकराला युसूफ कचेरीपुढे हजर होता. खरं तर तो आठलाच येऊन उभा होता, गारठ्यात. साहेब लवकर आले तर काटा आपसूकच साक्ष देईल, अशी त्याची आशा. मागे सरकीच्या पोत्यांवर भाईदास आबा घोंगडी पांघरून बसले होते. चार दिवसांत त्यांनी युसूफशी एक शब्द काढला नव्हता, पण आले होते. झुलाल जमादारही होता, इस्त्रीच्या कपड्यांत.

इन्स्पेक्टर पारनेरकर साहेब आले साडेबाराला. मूळचे पुण्याकडचे, शिडशिडीत, नाकावर राग. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन चटकत होतं आणि लॉरीची फळीसुद्धा तापली होती. काट्याची सकाळची साक्ष हातची गेली.

"चला, बघू तुमचा काटा," साहेब म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ सरसावून पुढे बसले. शेजारी झुलाल. आग्रा रोडवर दोन मैल लॉरी नेली. साहेबांनी दगड मोजले, सेकंद मोजले. वेग वीस. काटा एकवीस.

"मीटर उत्तम आहे," साहेब म्हणाले. झुलालनं युसूफकडे पाहिलं. त्या नजरेत विजय नव्हता, उलट जरा वाईटच वाटत होतं त्याला. साहेबांनी युसूफचं लायसन उघडून मांडीवर ठेवलं आणि खिशातून पेन काढलं.

"साहेब," युसूफ म्हणाला, "हा काटा दुपारचा खरा आहे आणि सकाळचा खोटा. आत तेल गेलंय. थंडीत ते घट्ट होतं. एकदा मीटर गार करून बघा. मग वाटेल ते लिहा."

"म्हणजे तुला त्याला हात लावायचाय?"

"मी नाही लावत. तुम्ही लावा."

साहेबांनी पेन तसंच धरून त्याच्याकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. रस्त्याकडेला एक पाणपोई होती, चिंचेच्या सावलीत रांजण पुरलेला. साहेब स्वतः उतरले. खिशातला रुमाल रांजणात बुडवून आणला, मीटरवर घट्ट बसवला. रुमाल कोमट झाला की पुन्हा बुडवला. असं पाच-सहा वेळा. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली, पण आता त्यांनाच चेव आला होता. पाणपोईवरची म्हातारी म्हणाली, "बाप्पा, गाडीले ताप उना का?" आणि स्वतःहून आपला पदर भिजवून द्यायला निघाली.

"चालव," साहेब म्हणाले.

लॉरी निघाली. सगळ्यांचे डोळे तबकडीवर. पंधरा. वीस. पंचवीस. युसूफनं चाल बदलली नव्हती. तीस. झुलाल पुढे वाकला. चौतीस. अडतीस!

"अडतीस," साहेब म्हणाले आणि मैलाचा दगड येताच घड्याळ बघितलं. "आणि आपण चाललोय वीसनं."

"पन साहेब," झुलाल चाचरत म्हणाला, "मी देखं तव्हय पंचेचाळीस व्हते."

"जमादारसाहेब, पौषातली सकाळ एका रुमालात मावत नाही," युसूफ म्हणाला, आणि साहेबांना हसू आलं. त्यांनी वेग कमी करायला सांगितला. लॉरी रांगायला लागली, काटा आपला आळसावत तिसावर रेंगाळत राहिला. तेवढ्यात मागून घंटी वाजवत एक टांगा आला आणि लॉरीला ओलांडून गेला. टांगेवाला ओरडला, "ढकलू का, युसूफभाई?" यावर तर जमादारालाही तोंडाला मफलर लावावा लागला.

साहेबांनी लॉरी थांबवली. "जमादार, तुमचा शिक्का तुम्हीच तोडा." झुलालनं लाख फोडली, युसूफनं नट सोडवला. मीटर कलतं केलं तशी काळ्या एरंडेलाची धार साहेबांच्या भिजलेल्या विजारीवर पडली. वास सगळ्या रस्त्यावर पसरला.

साहेबांचं हसू मावळलं. "हे तेल मीटरात ओतलं कुणी? तू? मीटरशी खेळ केलास तर तोही गुन्हाच आहे, ड्रायव्हर. वेगाच्या गुन्ह्यातून सुटलास तरी यंत्रात हात घातल्याबद्दल लायसन जाईल."

एक नाव घेतलं की सुटका होती. ते त्याच्या जिभेवर येईना.

मागे पोत्यांवरून कुणीतरी जड पावलांनी उतरलं. भाईदास आबा पुढे आले, पागोटं काढून हातात घेतलं.

"साहेब, ते तेल मी टाकं. मी मालक शे. तीस वरीस मी गाड्या वंगण्यात, माले वाटनं हाई बी चाकच शे. ड्रायव्हरले ठाऊक नव्हतं. त्याले कये, तरी त्यानी मन्हं नाव नही घिदं. मी आख्खा गावले शहानपन शिकाडस आन माले एक तार नही कयनी. जे लिखनं ते मन्हावर लिखा."

इतकं बोलताना त्या म्हाताऱ्या माणसाच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. युसूफचे डोळे भरून आले आणि ते लपवायची त्याला गरजही वाटली नाही.

साहेबांनी लायसन बंद केलं. पण दिलं नाही.

"हे पटलं," ते सावकाश म्हणाले. "काटा खोटा होता. पण त्यानं तू खरा होत नाहीस. काटा खोटा बोलत होता, तर त्या सकाळी आपण वीसच्या आत आहोत, हे तुला कशावरून कळत होतं?"

हाच प्रश्न. लिंबाखाली युसूफनं स्वतःला विचारलेला आणि उत्तर न सापडलेला. पण आता लॉरी त्याच्या पायांखाली होती, इंजिन गरम होतं, आणि भीती कुठल्या कुठे गेली होती.

"साहेब, मी काट्याकडे बघून चालवतच नाही. इंजिनाच्या आवाजावर चालवतो."

"असं? मग मीटर राहू दे खाली. सोनगीरला जसा चालला होतास, अगदी तसाच चालव."

तबकडीच्या जागी आता नुसतं भोक होतं आणि त्यातून तार लोंबत होती. आबा मागे चढले. युसूफनं गिअर टाकला, रस्ता सरळ लागेपर्यंत वाट पाहिली आणि आवाज आपल्या ओळखीचा झाल्यावर पाय स्थिर केला. साहेब खिडकीतून दगडाची वाट बघत होते. दगड आला.

"बोल. किती?"

"अठरा."

मैलभर इंजिन एका सुरात घुमत होतं. त्या मैलात युसूफला एकदाही शंका आली नाही. पुढचा दगड गेला, साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"तीन मिनिटं वीस सेकंद," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "अठरा. नेमके अठरा."

मग ते झुलालकडे वळले. "जमादार, डोळे मिटा. त्या दिवशी हाच आवाज होता, की यापेक्षा जोरात?"

झुलालनं डोळे मिटले. कानावरचा मफलर खाली ओढला. हा माणूस खोटं बोलणार नाही, हे युसूफला माहीत होतं, म्हणून त्यानं पाय जराही हलू दिला नाही. लॉरी चालत राहिली. झुलाल डोळे मिटलेलेच ठेवून बोलला.

"हाऊच आवाज व्हता, साहेब. जराबी जास्ती नही. मी त्या दिन काटा देखत बसनू, गाडी आयकीच नही."

साहेबांनी लॉरी थांबवायला लावली. मांडीवर कागद घेऊन लिहिलं, की मुंबईहून नवं मीटर येईपर्यंत ही लॉरी मीटरशिवाय चालवायला हरकत नाही, कारण ड्रायव्हरला त्याची गरज नाही. खाली सही केली, कागद लायसनमध्ये ठेवला आणि लायसन युसूफच्या हातात दिलं.

"कचेरीपर्यंत सोड आता," ते म्हणाले, "आणि जरा जोरात घे. पंचवीसनं. माझी विजार वाळू दे."

युसूफनं आवाज पंचवीसला नेला.